न हरवलेलं कार्ड

जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायला जागा नव्हती. तिथे निरनिराळ्या बँकांच्या क्रेडिट कार्डांची माहितीपत्रकं पसरली होती आणि तपासनीस त्यांतल्या एकावर भिंग धरून बसले होते. भिंग कचेरीतलं होतं. लिफ्टच्या पोलादी दोरातली एखादी तार तुटलीय का, हे बघायला ते दिलेलं असतं. पण तपासनिसांच्या मते तुटकी तार आणि बँकेची बारीक अक्षरं यांत फारसा फरक नाही. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत आणि दोन्ही माणसाला खाली नेतात.

"पेट्रोलचं कार्ड आहे ते," बायको हातात ताटं घेऊन म्हणाली. "आपल्याकडे गाडी नाही."

"हो, पण त्यात एक अट आहे. ती नीट कळत नाहीये."

"जे घ्यायचंच नाही त्याची अट कशाला कळायला हवी?"

"उद्या चुकून घेतलं तर?"

बायकोने ताटं परत ओट्यावर ठेवली. या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे आमटी दोनदा गरम करावी लागते, हे तिला लग्नानंतर लगेच कळलं होतं.

तपासनीस लिफ्ट तपासायचे. शहरातल्या अर्ध्या इमारतींमधले दोर, ब्रेक, दारं आणि धोक्याच्या घंटा त्यांच्या सहीवर चालायच्या. ते स्वतः मात्र जिन्याने जायचे. "इतक्या लिफ्टी आतून बघितल्यावर कोण शहाणा लिफ्टमध्ये बसेल?" असं ते विचारायचे. कचेरीत त्यांना 'सावधान' म्हणत. समोरून आले तरी 'सावधान' म्हणत, त्यामुळे नवी माणसं उगाच दचकायची.

ब्रेक लागतो की नाही हे तो लावून बघितल्याशिवाय कळत नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनी घरीही आणला होता. धुराची घंटा खरंच वाजते का, हे बघायला त्यांनी तिच्याखाली वर्तमानपत्र पेटवलं होतं. घंटा वाजली आणि पडदा जळला. नवं कुलूप चोराला उघडतं का, हे पाहायला ते किल्ली आत ठेवून बाहेर उभे राहिले. कुलूप फार चांगलं निघालं. दार फोडावं लागलं.

"हे बघा, ताईसारखं गुणांचं कार्ड," बायकोने दुसरं पत्रक पुढे सरकवलं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ती सुई घेतली तरी कार्डावर घ्यायची, त्याचे गुण साठवायची आणि त्या गुणांवर मिळालेल्या प्रवासी बॅगेचं वर्णन दर आठवड्याला फोनवर ऐकवायची. "यात गुण साठले की विमानाचं तिकीट मिळतं."

विमान हा शब्द ऐकताच तपासनिसांनी ते पत्रक टेबलाच्या पार टोकाला सरकवलं.

"बरं, राहू दे," बायको म्हणाली. "जो चौथ्या मजल्यावर चालत जातो त्याला विमानात कोण बसवणार? शिवाय ते गुण वर्षभरात शिळे होतात. हे तिसरं?"

"यात फी आहे. वर्षभरात अमुक इतका खर्च केला तर माफ. म्हणजे फी वाचवायला खर्च करायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

शेवटी उरलं ते अगदी साधं कार्ड. फी नाही, विमान नाही, बॅग नाही. किराणा, औषधं आणि दवाखाना यांवर खर्चाचे पाच टक्के परत, बाकी सगळ्यावर एक टक्का. बिल दर महिन्याला पूर्ण भरलं की व्याज नाही. बायकोने त्यावर बोट ठेवलं. "आपण काय घेतो? तेल, साखर, साबण आणि तुमच्या पित्ताच्या गोळ्या. हेच घ्यायचं."

"पण ते पैसे परत का देतात?"

"दुकानदाराकडून थोडे घेतात, आणि जे वेळेवर बिल भरत नाहीत त्यांच्याकडून भरपूर घेतात. आपण वेळेवर भरू."

हे इतकं सरळ होतं की तपासनिसांना जास्तच भीती वाटली. ते भिंग घेऊन त्याच्या बारीक अक्षरांवर वाकले. तिने भिंग त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"एक शब्द द्या. या कार्डाची तपासणी करायची नाही."

"आणि झाली तर?"

"काही नाही. भांडणार नाही, रडणार नाही. फक्त यापुढे मी तुम्हाला काही विचारणार नाही. माझं मी ठरवेन, माझं मी आणेन. तुम्ही आणि तुमचं भिंग सुखी राहा."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. आजवर पडद्याच्या रंगापासून दाढेच्या डॉक्टरपर्यंत तिने एकही गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय केली नव्हती. त्यांनी प्रत्येक गोष्टीवर शंका काढली होती, ही गोष्ट वेगळी. पण उद्या कुणी विचारणारंच नसेल, तर या माणसाने आपल्या शंका घेऊन जायचं कुठे? लिफ्टचे दोर काही मत विचारत नाहीत.

"दिला शब्द," ते म्हणाले.

कार्डं आली. खातं एकच, कार्डं दोन, एक त्यांचं आणि एक तिचं. तिने आपलं पर्समध्ये टाकलं आणि त्याच दिवशी दुकानात वापरलंही. त्यांनी आपलं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून खिशाला टाके घातले. सदरा बदलला की टाके उसवायचे आणि दुसऱ्या सदऱ्याला घालायचे. त्या कार्डावर काही विकत घ्यायचं तर आधी कात्री विकत घ्यावी लागली असती, म्हणून त्यांनी काही घेतलंच नाही. तरी रस्त्यात कुणी धक्का मारला की त्यांचा हात छातीवर जायचा. समोरच्या माणसाला वाटायचं, यांचं हृदय कमजोर आहे. लोक बिचारे बाजूला होऊन वाट द्यायचे.

पहिल्या बिलात परत आलेली रक्कम दिसली तेव्हा बायकोने लगेच ताईला फोन लावला.

"गुण नाहीत? नुसते पैसे?" ताई म्हणाली. "शी, पैशात काय मजा. बघू तरी तुझं ते कार्ड. येते मी, दोघी मिळून महिन्याचा किराणा आणू."

ताई ज्या दिवशी येणार होती, त्याच दिवशी तपासनिसांना एका जुन्या कचेरीची लिफ्ट बघायची होती. दोर ठीक होता, ब्रेक ठीक होता. मग त्यांनी धोक्याची घंटा दाबली. कुणी आलं नाही. पुन्हा दाबली, तरी कुणी नाही. घंटेची तार कुठे जाते म्हणून ते तिच्या मागोमाग गेले, तेव्हा ती तळघरातल्या एका बंद खोलीत निघाली. घंटा तिथे अगदी खणखणीत वाजत होती. ऐकायला दोन झाडू आणि एक बादली होती.

"इतकी वर्षं लोक या बटणाच्या भरवशावर वरखाली करतायत," ते तिथल्या रखवालदाराला म्हणाले.

"साहेब, ते बटण कुणी दाबलंच नाही कधी," रखवालदार म्हणाला.

तपासनिसांनी लिफ्ट नापास केली आणि ते जेवायला बाकावर बसले, पण घास घशाखाली उतरेना. सदऱ्यातल्या कार्डाच्या मागे एक नंबर छापलेला होता. 'कार्ड हरवल्यास त्वरित संपर्क साधा.' ही तर कार्डाची धोक्याची घंटा. ती वाजते कुठे? बँकेच्या तळघरात झाडूंच्या खोलीत तर नाही ना? उद्या कार्ड खरंच चोरीला गेलं, चोर दुकानात शिरला, आणि इकडे आपण बादलीला फोन करत बसलो तर?

शब्द आठवत होता. पण भित्र्या माणसाला पळवाट बरोबर सापडते. 'कार्डाची तपासणी करायची नाही, असं ठरलं होतं,' त्यांनी मनाशी म्हटलं. 'ही कार्डाची कुठे? ही घंटेची.' त्यांनी खिशाचे टाके उसवले आणि नंबर फिरवला.

एक रिंगही पुरी झाली नाही तोच एका मुलीचा आवाज आला. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

तपासनीस खूश झाले. आता फक्त 'नंबर चालतो का बघत होतो' म्हणून फोन ठेवला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सांगून केलेली तपासणी ही तपासणीच नसते, हा त्यांच्या धंद्यातला दुसरा नियम.

"माझं कार्ड हरवलंय," ते म्हणाले.

"काळजी करू नका, सर." मुलीने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि कळफलकाचा खडखड आवाज झाला. "आपलं कार्ड बंद केलंय. आता ते कुणालाच वापरता येणार नाही."

"वा. फार समाधानकारक काम आहे तुमचं."

"धन्यवाद, सर."

"आता परत चालू करा."

"सर?"

"हरवलेलं नाही ते. माझ्या हातात आहे. मी तपासणी करत होतो."

"आपण बँकेतून बोलताय का, सर?"

"नाही, लिफ्टमधून. म्हणजे लिफ्टच्या खात्यातून."

मुलीचा आवाज बदलला. गोडवा तेवढाच राहिला, पण आत काहीतरी घट्ट झालं. "सर, सुरक्षेसाठी एक प्रश्न विचारते. या खात्यावरचा शेवटचा खर्च कुठे झाला?"

तपासनिसांनी एक पैसा खर्च केला नव्हता. सगळा खर्च बायकोचा. "किराणा," ते म्हणाले.

"नाही, सर."

"मग औषधं. पित्ताच्या गोळ्या."

"नाही, सर."

"मग कशावर केला तिने? विमान तर नक्की नाही."

"सर, आपण अंदाज करताय."

"अहो, दुसरं कार्ड बायकोकडे असतं. मला कसं कळणार?"

"म्हणजे आपल्याला दुसऱ्या कार्डाचीही माहिती आहे." पुन्हा खडखड झाली. "सर, प्रकार संशयास्पद वाटत असल्यामुळे मी दोन्ही कार्डं बंद करतेय. खातेदाराच्याच भल्यासाठी. आणखी काही मदत करू?"

फोन बंद झाल्यावर तपासनीस हातातल्या कार्डाकडे बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, हे खरंच. पण हा ब्रह्मराक्षस त्यांनी स्वतः फोन करून बोलावला होता. आणि एवढी पाचावर धारण बसली असतानाही मनाच्या एका कोपऱ्यात आवाज उठलाच, की ब्रेक मात्र उत्तम आहेत.

मग त्यांना आठवलं. ताई. महिन्याचा किराणा.

बायकोचा फोन वाजत राहिला आणि वाजून थांबला. तिचा फोन नेहमी पर्सच्या तळाशी, रुमालाखाली असायचा. तपासनीस डबा तसाच उघडा टाकून धावत सुटले. रस्त्यात त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. बायको हसतमुखाने ताईकडे बघत यंत्रात कार्ड घालतेय. यापेक्षा तुटका दोर परवडला.

त्यांचं नेहमीचं किराणा दुकान एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. जिन्याला आडवी दोरी बांधली होती आणि पाटी होती, 'रंग ओला आहे.' उरली लिफ्ट. आत तपासणीचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं आणि त्याखाली सही तपासनिसांची स्वतःची होती. दुसऱ्या कुणाची असती तर निदान विश्वास तरी ठेवता आला असता. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. लिफ्ट सुरू झाली तशी त्यांना वाटायला लागलं, बंद पडावी. आत्ता, इथेच, दोन मजल्यांच्या मध्ये. संध्याकाळपर्यंत कुणी सोडवू नये. पण लिफ्ट लोण्यासारखी वर गेली आणि दार उघडलं.

पैसे भरण्याच्या रांगेत गडबड दिसत होती. साबणाच्या खोक्यांची उंच रास होती, तिच्यामागे तपासनीस उभे राहिले आणि डोकावून बघायला लागले. काठोकाठ भरलेली ढकलगाडी. शेजारी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेली बायको. तिच्या बाजूला रखवालदार. मागे अख्खी रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण मान लांब करून बघतोय.

"मॅडम, यंत्र सांगतंय, हे कार्ड हरवलेलं आहे," टाय लावलेला मॅनेजर म्हणत होता.

"हरवलं असतं तर मी तुम्हाला कसं दिलं असतं?"

"तोच तर प्रश्न आहे, मॅडम."

"तरी मी सांगत होते, गुणांचं घे," ताई म्हणाली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी हळू बोलत होती.

बायको ताठ बसली होती, पण पर्सचा पट्टा तिने बोटांभोवती आवळून धरला होता. "हे बघा," ती मॅनेजरला म्हणाली, "हे कार्ड माझ्या मिस्टरांनी पारखून घेतलंय. भिंग घेऊन वाचलंय त्यांनी. घाबरट असतील, पण त्यांनी बघितलेली वस्तू कधी दगा देत नाही. चूक असेल तर ती बँकेची. त्यांची नाही."

खोक्यांच्या मागे तपासनिसांना हे ऐकवेना. ती शिव्या देत असती तर चाललं असतं. शिव्यांची तयारी करूनच ते आले होते. पण हे असलं काही ऐकून ते मागे सरायला गेले, हाताचा धक्का लागला आणि वरची दोन खोकी धपकन खाली पडली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"अहो, तुम्ही?" बायको म्हणाली. "इथे कसे?"

"असाच. लिफ्ट बघायला आलो होतो."

"लिफ्टने आलात?"

"हो."

तिने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण आत्ता तिला त्याचा विचार करायला सवड नव्हती. "बघा ना, कार्ड हरवलंय म्हणतायत."

हीच कबुलीची वेळ होती. तपासनिसांनी तोंड उघडलंही. पण बोबडी वळली, आणि जे बाहेर आलं ते भलतंच होतं. "बँकेची चूक असेल," ते म्हणाले.

"ऐकलंत?" बायको मॅनेजरकडे वळली. "द्या तो नंबर. आत्ता विचारते."

"स्पीकरवर टाक," ताई म्हणाली. "सगळ्यांना कळू दे."

एक रिंगही पुरी झाली नाही. "नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू?" तोच आवाज. तपासनिसांनी खोकी उचलायच्या निमित्ताने खाली बसून घेतलं.

मुलीने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग म्हणाली, "मॅडम, सुरक्षेसाठी एक प्रश्न. या खात्यावरचा शेवटचा खर्च कुठे झाला?"

बायकोने ताईकडे बघितलं, तपासनिसांकडे बघितलं. मग स्पीकर बंद केला, उठून चहाच्या डब्यांच्या फळीपाशी गेली आणि तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटली. तपासनिसांना खालून नुसते तिचे ओठ दिसले. आता त्यांच्या भीतीला एक धाकटं भावंड झालं. कशावर खर्च केला हिने, की जो माझ्यासमोर सांगवत नाही?

बायको परत आली. ताईने हात पुढे करून स्पीकर पुन्हा लावला.

"धन्यवाद, मॅडम, उत्तर बरोबर आहे," मुलगी म्हणत होती. "घाबरू नका, आपलं खातं सुरक्षित आहे. मघाशी एका माणसाने फोन केला होता. आधी कार्ड हरवलं म्हणाला, मग हातात आहे म्हणाला, मग म्हणाला मी तपासणी करतोय. लिफ्टमधून बोलतोय म्हणाला. शेवटचा खर्च विचारला तर पित्ताच्या गोळ्या म्हणाला. म्हणून मी दोन्ही कार्डं बंद केली."

तपासनीस उभे राहिले. त्यांच्या खिशावर बिल्ला होता. त्यावर लिफ्टचं चित्र होतं. मॅनेजरने ते बघितलं, रखवालदाराने बघितलं, रांगेने बघितलं. बायकोने बिल्ला बघितला नाही. तिने सदऱ्याच्या आतून बाहेर लोंबणारे, उसवलेले टाके बघितले.

"मॅडम, पोलिसांत कळवायचं का?" मुलीने विचारलं.

बायकोने आधी पर्स बंद केली. तेवढ्या वेळात तपासनीस मनाने तुरुंगात जाऊन आले.

"नको," ती म्हणाली. "ओळखते मी त्याला. घरचाच आहे."

नवी कार्डं यायला आठवडा लागणार होता. तपासनिसांनी घाईघाईने बूट काढला. आणीबाणीसाठी ते बुटाच्या तळाशी नोटांची घडी ठेवायचे. मॅनेजरने त्या ओलसर, गरम घडीकडे बघितलं आणि दोन्ही हात मागे घेतले.

"थांबा, थांबा," ताई पुढे झाली. "माझ्या कार्डावर देते मी. तुमच्या नोटा मला द्या. असू दे, वाळवीन मी." तिने कार्ड घातलं, यंत्राने कागद ओकला, आणि ताईचा चेहरा उजळला. "अगं, महिन्याभराचा किराणा म्हणजे केवढे गुण. तपासनीस, तुमचे उपकार झाले हो. मी जरा बघून येते, यात आता काय मिळतं ते." आणि ती भेटवस्तूंच्या खिडकीकडे निघून गेली.

दोघं पिशव्या घेऊन खाली उतरली. इमारतीसमोर एक कठडा होता, त्यावर बायको बसली. तपासनीस उभेच राहिले. शिक्षा उभ्याने ऐकलेली बरी.

"मी नुसती घंटा वाजवून बघितली," ते म्हणाले. "वाजते की नाही एवढंच. तुला तोंड दाखवायला जागा नाही मला. आणि वर खोटं बोललो."

"बोललात खरे."

"आता तू मला काही विचारणार नाहीस."

ती पिशवीतून बिल काढून वाचायला लागली. त्या शांतपणाला तपासनीस इतके घाबरले की मनातली दुसरी भीती तोंडातून निसटली. "शेवटचा खर्च कशाचा होता गं?"

"दवाखान्याचा."

तपासनिसांच्या हातातली पिशवी सुटली. "कुणाच्या?"

"माझ्या. बसा इथे. पडाल."

ते बसले.

"भीतीचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे जातेय मी," बायको म्हणाली. "हल्ली दोनदा बघते गॅस बंद आहे का. मग जिन्यातून परत येते आणि पुन्हा बघते. तुमची लागण झाली मला, दुसरं काय. आणि हे कार्ड आल्यापासून तर फारच. दुकानात ते यंत्रात घातलं की हात गार पडतात. वाटतं, नाही चाललं तर? ताईसमोर नाही चाललं तर? लोक बघतील, खुर्चीत बसवतील."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगून काय झालं असतं? दोघांनी मिळून घाबरलो असतो."

तपासनिसांनी मान डोलावली. बोलणं खरं होतं.

"डॉक्टर म्हणाले, ज्याची भीती वाटते ते एकदा घडू द्या. मी म्हटलं, कसं घडवू? कार्ड तर रोज चालतंय." ती थांबली. "आज तुम्ही घडवलंत. रांगेसमोर, ताईसमोर, रखवालदार शेजारी उभा करून. वर माझ्या किराण्याचे गुण ताईने नेले. एवढं वाईट तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं."

"मग?" तपासनिसांनी भीत भीत विचारलं.

"मग काही नाही. बसलेय ना तुमच्या शेजारी. भूक लागलीय." आणि तिला हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. "पित्ताच्या गोळ्या म्हणे. लिफ्टमधून बोलतोय म्हणे." तिने पदराने डोळे पुसले. "डॉक्टरांची पुढची वेळ घेतलीय, ती आता रद्द करून टाकते. नाहीतरी काम झालं."

तपासनिसांना हसावं की नाही ते कळेना. ते जपून थोडंसं हसले.

"बरं," बायको पिशव्या सारख्या करत म्हणाली, "आता हेच कार्ड पुन्हा येऊ द्यायचं की दुसरं बघायचं? त्या पत्रकांत एक भाजीचं होतं. तुम्हाला काय वाटतं?"

तिने विचारलं होतं. नेहमीसारखं, सहज, पडद्याचा रंग विचारावा तसं. फी किती, अट कुठली, बारीक अक्षरात काय लिहिलंय, असे शंभर प्रश्न दरवेळेसारखे ओठांपर्यंत आले. पण आज त्यांतला एकही पुढे सरकेना.

"तुला आवडेल ते घे," ते म्हणाले. "चांगलंच असेल."

बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, मग मानेला. मग एका हाताने पिशव्या आणि दुसऱ्या हाताने नवरा उचलत ती उठली.

"चला," ती म्हणाली. "ती डॉक्टरांची वेळ रद्द करायची नाही. तुम्हालाच दाखवून आणते."